बोडी रीताची, इंजन राजूचं

नागपूर,
२ डिसेंबर २०२४

रीताताई,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची पद्धत आहे. तो मायला सांग. तुझ्यासाठी नाही.

बाबूजींच्या तेरवीच्या दिवशी, ओसरीत चार पाहुण्यांसमोर तू मला म्हणाली होतीस, "राजू, यापुढं तुले जे बोलायचं ते कागदावर बोल." त्याला चार वर्षं झाली. माझ्याकडे कागद होता, बोलायची इच्छा नव्हती. आज काम पडलं म्हणून लिहितो आहे. गैरसमज नको.

आमच्या जुन्या मोटारवाल्यांच्या मंडळाची रॅली १८ आणि १९ जानेवारीला, शनिवार-रविवारी आहे. दरवर्षी मंडळी रामटेकच्या बाजूला जातात. यंदा मी आग्रह धरला म्हणून भंडारा, लाखनी करत दिघोरीला येणार आहेत. बावीस गाड्या, साठ-सत्तर माणसं. गावाबाहेरच्या मोठ्या तलावाच्या काठी तंबू टाकून शनिवारचा मुक्काम आणि रविवारी सकाळी गावकऱ्यांसाठी गाड्यांचं प्रदर्शन. त्यात आपली ऑस्टिनही असेल. बाबूजींनी लाखनीच्या तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे वीस वर्षं जी चालवली आणि ठेकेदारानं धंदा बंद करताना त्यांना देऊन टाकली, ती. बाबूजी ज्या गावात मेकॅनिक म्हणून मेले, त्या गावानं ती एकदा तरी धावताना पाहावी, एवढीच माझी इच्छा आहे. तुझा काही वाटा त्या इच्छेत नाही.

आता चिठ्ठीचं. कॅलेंडरच्या पानामागे बाबूजींनी लिहिलेल्या तीन ओळी तुला पाठ असतील, मलाही आहेत. "बोडी रीताची. इंजन राजूचं. भांडू नये." तिसरी ओळ आपण पाळली नाही, पण पहिल्या दोन मी पाळल्या. चार वर्षं तुझ्या वाट्याला बोट लावलं नाही. सडून चालली, तरी लावलं नाही. आता मात्र सगळं नागपूर पाहायला येणार आणि तुझी ती 'बोडी' या अवस्थेत लोकांसमोर येणार, याची मला लाज वाटते. रॅलीआधी माणसं लावून खरवडून, साफ करून, नवी करून देतो. तुला एक काडी हलवायची नाही. फक्त 'हो' लिही. तो शब्द तुला येत असेल तर.

राजकुमार धनीराम कापगते


दिघोरी,
९ डिसेंबर २०२४

राजू,

तुझा नमस्कार मायले सांगितला. तिनं विचारलं, "पोरगा कवा येते?" मी म्हटलं, "मोटारी घेऊन येते. एकटा याले त्याले भेव वाटते."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

माझ्या बोडीले हात लावायचा नाही. खरवडायची नाही, साफ करायची नाही, नवी करायची नाही. बाबूजीनं जशी माझ्या हवाली केली तशीच राहीन. तुझ्या नागपूरच्या लोकायले लाज वाटत असन तर त्यायनं दुसरीकडं तोंड करून बसावं. अन् सडून चालली म्हणते, तू कवा येऊन पाहिली? चार वर्षांत मायचं तोंड पाहाले आला नाही, बोडी पाहाले आला?

इंजनाचं म्हणशील तर ते तुझं आहे. मी कवा नाही म्हटलं? पण त्याची काय दशा झाली ते तरी तुले माहीत आहे का? पार गंजून गेलं. मी त्याले शिवत नाही, कारण तुझं आहे. तूच आपल्या वस्तूची कदर करत नाही, मी काहून करू?

मोटार तू तेरवी झाल्यावर चौथ्या दिवशी ट्रकवर घालून नेली, कोणाले विचारलं नाही. मी त्यावर बी काही बोलली नाही. लोखंड होतं, गेलं.

आता माझं काम. हे नीट वाच. सातबाऱ्यावर अजून बाबूजीचं नाव आहे. तलाठी साहेबानं २७ जानेवारी तारीख दिली आहे. मायची संमती झाली. तुझी एका ओळीची पाहिजे, बोडी रीताची आहे म्हणून. पाऊस दगा देते तवा तिच्याच पाण्यावर माझ्या शेतातल्या पाच बांध्यांतला धान निघते. यंदा लोंबी भरायच्या वेळी पंधरा दिवस पाऊस नव्हता. बोडीत पाणी होतं, पण वर खेचाले शेजारच्या इश्वरभाऊचं इंजन मागून आणावं लागलं. त्याची गरज पडली का तो घेऊन जाते. आपलं ढोरायच्या कोठ्यात उभं, पण ते तुझं. दोन बांध्या वाळल्या. वाळू देल्या.

नवऱ्याचं घर सोडून आली त्या वर्षी लोक म्हणत, आता ही भावाच्या तुकड्यावर जगन. बाबूजीनं त्याच उन्हाळ्यात मले फावडं देलं अन् पाणी अडवायच्या फुटलेल्या पारीवर माती टाकाले लावलं. दोन महिने आम्ही दोघं टाकत होतो. ती पार मी बांधली आहे राजू. म्हणून त्यायनं ती माझ्या नावानं लिहिली. तेवढी सोडून मले कोणाचं काही नको.

रीता


नागपूर,
१४ डिसेंबर २०२४

ताई,

तुझ्या पत्राच्या पहिल्या पंधरा-वीस ओळी वाचल्या. तेवढ्यात माझं डोकं गरम झालं, म्हणून बाकीचं पत्र तुझ्या भावजयीला, उर्वशीला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाली, "पुढं सगळं शेतीचं आहे. पाऊस, धान, कोणी इश्वरभाऊ. आणि तुमची सही मागताहेत." शेतीचं रडगाणं मी दहाव्या वर्षी मामाकडे नागपूरला आलो तेव्हापासून ऐकतो आहे. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

माझं इंजिन गंजलं? हे तुला कोणी सांगितलं? ये आणि बघ. एका हँडलला सुरू होतं. शेजारी झोपेतून उठत नाहीत इतकं गुळगुळीत चालतं. चार वर्षं रविवार-सुट्ट्या घातल्या आहेत त्यात, आणि तू दिघोरीत बसून त्याची दशा सांगतेस.

तुला सही हवी आहे. म्हणजे मी तुझी वस्तू चोरीन असं तुला वाटतं. ठीक आहे. सोबत वेगळा कागद जोडला आहे. त्यावर लिहिलं आहे: "मी राजकुमार धनीराम कापगते लिहून देतो की, बोडी रीताची आहे. तिच्यावर माझा, माझ्या बायकोचा किंवा मुलांचा काही हक्क नाही व पुढेही राहणार नाही." खाली सही आणि तारीख. मुद्दाम बाबूजींच्याच शब्दात, काना-मात्रा न बदलता लिहिलं, म्हणजे तुला त्यात खोट काढता येणार नाही. लाव फ्रेम करून.

आणि हात लावू नको म्हणालीस ना? नाही लावत. रॅलीच्या दिवशी जशी आहे तशीच लोकांसमोर येऊ दे. मी फक्त एक पाटी लावणार आहे, इंजिन कोणाचं आणि ती कोणाची ते. जगाला कळू दे कोणाच्या हातात काय टिकतं.

राजकुमार धनीराम कापगते


दिघोरी,
२१ डिसेंबर २०२४

राजू,

कागद भेटला. जन्मात पहिल्यांदा तुझ्या हातून एक सरळ ओळ निघाली. मायनं तो कागद डोक्याले लावला. मी अर्जाले जोडून देला.

पाटी लाव. पण नाव पूर्ण लाव, रीता धनीराम कापगते. सासरचं आडनाव टाकलं तर उपटून फेकीन.

एका हँडलले सुरू होते म्हणे! कोठ्यात ये अन् माझ्यासमोर करून दाखव.

अन् एक सांगून ठेवते. तुझे पाहुणे तलावावर राहोत, नाचोत, काही करोत. माझ्या पारीवर एक बी मोटार चढली तर मी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकीन. लाखोळी उभी आहे शेतात.

रीता


नागपूर,
२० जानेवारी २०२५

रीताताई,

अभिनंदन. तुला जे करायचं होतं ते झालं.

शनिवारी दुपारी आम्ही तलावावर पोचलो. भंडाऱ्यापासून लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. लाखनीला ट्रकवाल्यांनी ट्रक थांबवून फोटो काढले. दिघोरीत शाळेसमोर पोरांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. तंबू लागले, चहा झाला, थंडी मजेची होती. तलावावर बदकं उतरली होती. हे सगळं मला आठवतं, कारण त्यानंतरचं मला आठवायचं नाही.

रविवारी सकाळी पोहे-तर्री झाली आणि गाड्या ओळीनं लावल्या. प्रत्येक गाडीसमोर माहितीची पाटी. मंडळाची मनाली नावाची मुलगी माईकवर एकेका गाडीची माहिती सांगत होती. आमचा नंबर आला. मी हँडल मारलं. एकदाच. इंजिन असं सुरू झालं की तलावापलीकडच्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. मग लोकांनी वर पाहिलं. फुटलेला टप, भोकं पडलेले दरवाजे, गंजानं खाल्लेलं बोनेट, आणि डाव्या मडगार्डवर ती पोच, जी तू सोळा वर्षांची असताना बाबूजींच्या बाजूला बसून शिकताना बैलबंडीवर गाडी घालून पाडली होतीस. टाळ्या थांबल्या. आपल्या गावचा एक जण मागून म्हणाला, "काय राजूभाऊ, जीव नवरदेवाचा अन् अंग म्हाताऱ्याचं!" मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "कापगते, पुढच्या वर्षी उरलेली अर्धी गाडी पण आणा."

म्हणूनच मी पाटी लावली होती. मनालीनं ती मोठ्यानं वाचली. "इंजिन: राजकुमार धनीराम कापगते. बॉडी: रीता धनीराम कापगते. मालकिणीने परवानगी न दिल्यामुळे बॉडीचे काम झालेले नाही." सगळे हसले. पण माझ्यावर नाही, तुझ्यावर हसले, कारण तू तिथंच होतीस, मायचा हात धरून, पहिल्या रांगेत.

वाटलं, आता तरी हिला लाज वाटेल. तू पुढं आलीस. पाटीवर बोट ठेवून ती वाचलीस, दोनदा. मग मडगार्डवर हात ठेवलास आणि हसायला लागलीस. गाडीच्या पायरीवर बसून, पदर तोंडात घालून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सत्तर पाहुणे आणि अर्धं गाव बघत होतं. मी म्हणालो, "ताई, काय झालं?" तू उत्तर न देता मायला ओढत निघून गेलीस. माय वळून वळून बघत होती. मला तिच्याशी बोलायचं होतं. तेवढंही तू होऊ दिलं नाहीस.

आणि परतताना शेताच्या वाटेवर काट्या दिसल्या. त्या कशासाठी होत्या? तुझ्या शेतात कोणाला यायचं होतं?

आता माझं शेवटचं ऐक. मी तुझा वाटा तुला परत करतो आहे. इंजिन उतरवून घेतो आणि २६ तारखेच्या सुट्टीला कटरवाला बोलावून बॉडीचे तुकडे करतो. ट्रक करून ते तुझ्या अंगणात टाकले जातील. लेखी दिलेलंच आहे, तुझी आहे म्हणून. त्यावर वेल चढव, कोंबड्या ठेव, काही कर.

राजकुमार धनीराम कापगते


दिघोरी,
२२ जानेवारी २०२५

राजू,

कटरवाल्याले थांबव. आधी हे पत्र खालपर्यंत वाच. स्वतः वाच. उर्वशीले देऊ नको.

तुझ्या पाटीवर 'बॉडी' लिहिलं होतं. डोक्यावर चंद्र होता. बाबूजीच्या चिठ्ठीत चंद्र नाही. बाबूजीले चंद्र काढताच येत नव्हता, ते डॉक्टरले बी 'डाक्टर' लिहत, हे मले मान्य. पण इथं त्यायले चंद्र काढायचाच नव्हता. बोडी म्हणजे बोडी रे. शेतातली, पाण्याची. जिच्यात तुले मी पोहाले शिकवत होती अन् तू काठावर बसून रडत होता. तू मामाकडं गेला अन् तुले सगळं पाणी 'तलाव' झालं. आपल्या गावात मोठा तो तलाव अन् शेतातली ती बोडी, हे चार वर्षाच्या पोराले बी समजते.

अन् इंजन म्हणजे मोटारीचं नाही. कोठ्यातलं, पाणी खेचायचं. पाच हॉर्सपॉवरचं, हिरवं. तू लहान असताना त्याच्या पट्ट्यात सदरा अडकला होता, आठवते?

पाटी वाचली तवा मले पहिले समजलंच नाही. दुसऱ्यांदा वाचली. मग मडगार्डावरची पोच हाताले लागली अन् सगळं एकदम समजलं. तुझी सगळी पत्रं आठवली. "खरवडून, साफ करून, नवी करून देतो." मी समजत होती का तू पाहुण्यायले दाखवाले माझी बोडी उकरून राहिला. म्हणून काट्या टाकल्या. तू मोटारीच्या पत्र्याले चार वर्षं हात लावला नाही, का तर तो माझा. मी दोन बांध्या वाळू देल्या, का तर इंजन तुझं. आता सांग, माणूस हसन नाही तर काय करन? तुझ्यावर नाही हसली. तसं तुझ्यावर बी थोडी हसली.

तिथं बोलली नाही, कारण मले भेव वाटलं. तुझा कागद तलाठ्याकडं होता.

वाटेनं मायले विचारलं, "बाबूजीनं चिठ्ठीत मोटारीचं काहून नाही लिहिलं?" माय म्हणे, "त्या डब्याचं काय लिहावं? दिवाळी झाली का भंगारवाल्याले देतो म्हणत होता. तेवढ्यात गेला." मी म्हटलं, "मंग चार वर्षं तू गप काहून बसली?" तर म्हणते, "मले कोणी विचारलं? तुम्ही दोघं कागदावर बोलत होते, मले का वाचता येते?"

आता कागदाचं. तू तो पत्र्यासाठी लिहून देला, मले पाण्यासाठी पाहिजे होता. मी गप राहिली असती तर सत्तावीसच्या सोमवारी काम झालं असतं. तुले कवा समजलं बी नसतं. खोटं कायले बोलू, दोन दिवस मी गप राहाचंच ठरवलं होतं. काल तुझं पत्र आलं, पत्र्याचे तुकडे करतो म्हणून. ते वाचून रातभर नाही, पण जेवण होईपर्यंत तरी विचार केला. आज सकाळी तलाठी साहेबाकडं गेली अन् कागद मागितला. साहेब म्हणे, "बाई, सही आहे, तारीख आहे, शब्द बरोबर आहे. काहून काढता?" मी म्हटलं, "शब्द बरोबर आहे, म्हणूनच."

तो कागद या पत्रासोबत आहे. तुझा तुले वापस.

बोडीवर बाकी सगळ्या गावाचा डोळा आहे राजू, अन् मले माहीत आहे का ती गेली तर मी या गावात पुन्हा तीच होईन, नवऱ्याचं घर सोडून आलेली. पण जी पार मी फावड्यानं बांधली ती मले चंद्राच्या चुकीवर नको. द्यायची तर समजून दे. नाही तर सोमवारी अकरा वाजता समोर येऊन नाही म्हण. तुझी हिंमत पत्रातच दिसते, एकदा तोंडावर बी दिसू दे.

रीता


नागपूर,
२५ जानेवारी २०२५

ताई,

हे पत्र तुमच्याकडं लाखांदूरला येणाऱ्या माझ्या मित्राच्या, प्रविणच्या हाती पाठवतो आहे. पोस्टावर विसंबलो तर सोमवार निघून जाईल.

तुझं पत्र खालपर्यंत वाचलं. दोनदा. उर्वशीला दिलं नाही. तिनं ड्रॉवरमधून तुझं डिसेंबरचं पत्र स्वतःच काढलं, पूर्ण वाचलं आणि म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं, शेतीचं आहे म्हणून." नंतर म्हणाली, "दोन बांध्या वाळू दिल्या तुमच्या बहिणीनं, आणि तुम्ही माझ्याकडे वाचायला दिलं." दोन दिवस घरात मला चहा स्वतः करून घ्यावा लागतो आहे. हे तुला कळावं असं तिचंच म्हणणं पडलं.

कटरवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

भंगारवाल्याचं ते वाक्य तू गाळलं असतंस तर चाललं असतं. मला माहीत आहे, तू मुद्दाम लिहिलंस. चार वर्षं मी दर रविवारी गॅरेजमध्ये त्या इंजिनाशी बोलत होतो, की बाबूजी, बघा, तुम्ही मला दिलेलं कसं ठेवलं आहे. आणि त्यांच्या लेखी तो डबा होता. याबद्दल मी तुला लवकर माफ करणार नाही.

तुझा अर्थ धरला तर माझ्या वाट्याला काय आलं? कोठ्यातलं गंजकं इंजन. कागद परत हातात आला तेव्हा मनात आलं, सोमवारी यावं आणि तोंडावर 'नाही' म्हणावं. तूच बोलावलंस. पाच मिनिटं तसं वाटलं. तू खरं लिहिलंस म्हणून मीही खरं लिहितो, पाच नाही, चांगला अर्धा तास वाटलं. मग बाबूजींची चिठ्ठी पुन्हा काढली. त्यांनी तुला पाणी दिलं आणि मला ते वर काढायचं यंत्र. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. म्हातारा मेकॅनिक होता. जोडल्याशिवाय चालणार नाही अशीच वाटणी त्यानं केली, आणि आपण चार वर्षं सुटे भाग सांभाळत बसलो.

जुना कागद फाडला. नवा सोबत आहे: "दिघोरीच्या शेतातली बोडी, पाण्याची, पारीसकट, रीता धनीराम कापगते हिची आहे. मी तिच्यावर हक्क सांगणार नाही. हे मी समजून लिहून देत आहे." चंद्र कुठंही नाही. तपासून घे. तरी तलाठ्यासमोर येऊन तोंडानंही सांगतो, म्हणजे माझ्या हिमतीबद्दल पुन्हा लिहायचं कारण राहणार नाही.

मोटारीची बॉडी चिठ्ठीत नाही, म्हणजे आता ती तुझी नाही. त्यामुळे तुला काही विचारणार नाही. काळा रंग देणार आहे. फक्त डाव्या मडगार्डवरची पोच ठोकून काढणार नाही. पुढच्या रॅलीत तिच्याखाली पाटी लावीन, बैलबंडीवर मोटार घालणारी बाई कोण ती. पूर्ण नावानिशी, सासरचं आडनाव न टाकता.

राहिलं कोठ्यातलं इंजन. चार वर्षं बंद आहे, म्हणजे पिस्टन आत जाम बसला असणार. माझं पत्र वाचून घाईघाईनं इश्वरभाऊला बोलावशील आणि दोघं मिळून हँडल मारत बसाल, मला तुझा स्वभाव माहीत आहे. बळजबरी केली तर मोडेल. त्याला बोट लावू नकोस. ते माझं आहे. सोमवारी तलाठ्याकडून सरळ शेतात येतो, पाने-पक्कड घेऊन.

वाटेवरच्या काट्या काढून ठेव.

राजू